वेड्यांच्या भरवशावर

ज्येष्ठ वद्य नवमीला माउलींची पालखी आळंदीहून पुण्याच्या वाटेला लागते आणि आमच्या चऱ्होलीच्या हद्दीत, वडमुखवाडीला थोरल्या पादुकांपाशी थांबते. तिथं आरती होते आणि मग सोहळा दिघीच्या दिशेनं पुढं सरकतो. या सोहळ्यात दोन घोडे असतात. एकावर भगवी पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कुणी बसत नाही. त्याच्या पाठीवर सगळा साज असतो, बसायची जागा तेवढी मोकळी असते, कारण तो माउलींचा घोडा. १२९६ साली समाधी घेतलेले ज्ञानदेव त्यावर बसलेले आहेत, अशी सगळ्यांची भावना. हे घोडे बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडचे. अंकलीहून ते आळंदीपर्यंत चालत येतात, मग आळंदीहून पंढरपूरपर्यंत, म्हणजे आणखी साधारण अडीचशे किलोमीटर चालतात. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला आजचं रूप दिलं तेव्हापासून ही प्रथा चालू आहे.

या घोड्याला वर्षभर चारा लागतो, नाल लागते, सांभाळणारा माणूस लागतो. तो काही वाहून नेत नाही. कुठल्याही कारखान्यातल्या खरेदी विभागानं हा खर्च पहिल्याच बैठकीत कापला असता. पण इतक्या पिढ्यांत कुणालाही, कितीही पाय दुखले तरी, त्या मोकळ्या जागेवर बसावंसं वाटलं नाही. याहून मोठं वेड माझ्या पाहण्यात नाही, आणि याहून भरवशाची गोष्टही नाही.

मला वेडाची बाजू घ्यायची आहे. इरॅस्मस नावाच्या डच पंडितानं पाचशे वर्षांपूर्वी हे केलं होतं. १५११ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात मूर्खता स्वतःच व्यासपीठावर उभी राहून स्वतःचं कौतुक करते, आणि तिच्या तोंडून तो पाद्री, पंडित, राजे सगळ्यांची टर उडवतो. आपल्याकडं समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगितली आणि पढतमूर्खासाठी वेगळा समास लिहिला. दोघांचा रोख मूर्खपणा उघडा पाडण्याचा होता. माझा तो नाही. मला टर उडवायची नाही. वेडी माणसं नसती तर आमचा हा पट्टा, चऱ्होलीपासून चाकणपर्यंतचा, एक दिवसही चालला नसता, असं मला खरोखर वाटतं.

इथं शहाणपण भरपूर आहे, हे आधी सांगतो, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, पिंपरी-चिंचवड कारखान्यांनी भरलं. पुढं चाकण भरलं. चऱ्होली १९९७ साली महापालिकेत आली आणि एकरात मोजली जाणारी जमीन गुंठ्यात मोजली जाऊ लागली. आज इथल्या लहान मुलालासुद्धा गुंठ्याचा भाव, घराचा हप्ता, रस्ता किती मीटरचा होणार आणि आरक्षण कुठल्या गटावर पडलंय हे ठाऊक असतं. प्रधानमंत्री आवास योजनेतून महापालिकेनं इथं घरं बांधली. सोडतीत नाव लागावं म्हणून कागदपत्रांची फाईल छातीशी धरून रांगेत उभी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या हिशेबाला मी नाव ठेवणार नाही. पोराची फी आणि घराचा हप्ता एकाच तारखेला येतो तेव्हा हिशेब करावाच लागतो.

अडचण एवढीच की हिशेबी माणूस आपल्याबरोबर कुठपर्यंत येईल हे आधीच ठरलेलं असतं. फायदा जिथं संपतो तिथं तो उतरतो. तो फसवत नाही, त्याचा थांबाच तो असतो. म्हणून त्याच्या जिवावर दुकान चालतं, व्यवहार चालतो. पण ज्याला बांधायला एका माणसाचं आयुष्य पुरत नाही असं काही त्याच्यावर उभं राहत नाही.

चाकणचंच घ्या. आज तिथं कंटेनरच्या रांगांतून वाट काढत संग्रामदुर्गापाशी जावं लागतं. भुईकोट किल्ला, डोंगर नाही, कडा नाही, भोवती खंदक आणि तट, बस. १६६०च्या जूनमध्ये शाहिस्तेखान मोगलांची प्रचंड फौज घेऊन त्याच्यासमोर येऊन बसला. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि मूठभर मावळे. फिरंगोजींची परिस्थिती नीट पाहा. शिवाजी महाराज तेव्हा पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकलेले. जुलैमध्ये महाराज निसटून विशाळगडाला गेले, बाजीप्रभू खिंडीत पडले. म्हणजे चाकणला मदत येणार कुठून? ती येणार नव्हती आणि हे आतल्या माणसांना कळत होतं. पावसाळा चालू. पुण्याच्या सपाटीवरचा हा लहानसा कोट आज ना उद्या पडणार हेही कळत होतं. कुणीही समंजस सल्लागार पहिल्याच आठवड्यात सांगेल की अटी चांगल्या मिळतायत तोवर किल्ला देऊन टाका.

फिरंगोजींनी तो पन्नासहून अधिक दिवस लढवला. शेवटी मोगलांनी सुरुंग लावून बुरूज उडवला, तरी माणसं ढिगाऱ्याच्या मागं उभी राहून लढली, आणि दुसरा कुठलाच उपाय उरला नाही तेव्हाच किल्ला दिला. खानालाही त्या माणसाचं कौतुक वाटलं. त्यानं मोगलांची चाकरी देऊ केली, फिरंगोजींनी ती नाकारली आणि ते महाराजांकडं परत गेले. किल्ला गेला तो गेलाच. मग मिळवलं काय? याचं उत्तर आकड्यात देता येत नाही. पण मला ते स्पष्ट दिसतं. एक सपाटीवरचा कोट घ्यायला एवढा काळ, एवढी दारू आणि एवढी माणसं लागत असतील तर सह्याद्रीतल्या एकेका गडाला काय लागेल, हा विचार त्या पावसाळ्यात मोगलांच्या छावणीत शिरला असणारच. आणि आपल्या बाजूला, मदत येणार नाही हे माहीत असूनही माणसं जागा सोडत नाहीत, ही खात्री राज्याच्या पायाखाली गेली. स्वराज्य अशा खात्रीवर उभं राहिलं. पहिल्या आठवड्यात चांगल्या अटी मिळवणाऱ्यांवर ते उभं राहूच शकलं नसतं.

इंद्रायणी देहूवरून आळंदीला येते आणि आळंदीच्या खाली चऱ्होलीला. नदीच्या वरच्या अंगाला, देहूला, तुकोबांनी केलेली गोष्ट आपण इतक्या वेळा ऐकली आहे की तिच्यातलं धाडस आपल्याला जाणवेनासं झालंय. घर महाजनाचं, सावकारी होती, लोकांची कर्जखतं घरात होती. १६३०च्या दुष्काळात घर होरपळलं, पहिली बायको गेली, मूल गेलं. अशा वेळी माणूस उरलेला पैसा वसूल करून पुन्हा उभा राहायला बघतो. तुकोबांनी धाकटा भाऊ कान्होबाशी खतांची वाटणी केली आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली. कान्होबानं आपला वाटा ठेवला. त्यालाही मी चूक म्हणणार नाही, त्याच्यापुढंही घर होतं. पण दुष्काळातून वाचलेल्या कुणा कुणब्याला त्या दिवशी कळलं असेल की आपल्या नावाचा कागद पाण्यात गेला, आता दारात कुणी येणार नाही. त्याच्यासाठी त्या वेडाचा अर्थ फार साधा होता. पुढच्या पेरणीचं बियाणं घरात राहणार होतं.

आणि इथं मला तुकोबांच्या दुसऱ्या बायकोबद्दल, जिजाईबद्दल बोललंच पाहिजे. वेडाची तारीफ करणारे एक गोष्ट सोयीनं विसरतात. वेड एक जण करतो आणि त्याचं मोल घरातली बाई भरते. खतं बुडाली तेव्हा चूल तिची होती. तुकोबांच्या चरित्रांतून तिला कजाग, तोंडाळ म्हणून रंगवण्याची प्रथा पडली, ती मला कधीच पटली नाही. ती भांडत होती कारण पोरं तिच्यापुढं उपाशी होती. पण तीच बाई नवरा डोंगरावर जाऊन बसला की भाकरी बांधून, उन्हातान्हात, त्याला शोधत डोंगर चढायची. पायात काटा रुतल्याची आणि विठ्ठलानं तो काढल्याची कथा आपल्याकडं सांगतात. माझ्या दृष्टीनं विठ्ठल येण्याआधीचा भाग जास्त मोठा आहे. ज्या माणसानं घर रिकामं केलं त्याच्यासाठी, जो घरी येईल की नाही ठाऊक नाही त्याच्यासाठी, ती रोज भाकरी थापत होती. ती थापली नसती तर तिला कुणी दोष दिला नसता. तुकोबांच्या वेडाला देव मिळाला, अभंग मिळाले, सगळा महाराष्ट्र मिळाला. जिजाईच्या वेडाला काहीच मिळालं नाही आणि तरी ती चढत राहिली. हा मान द्यायचाच झाला तर पहिला तिला.

म्हणूनच ज्या वेडाची किंमत दुसऱ्याच्या गळ्यात पडते आणि करणारा हार घालून मिरवतो, ते माझ्या लेखी वेड नव्हे. जमिनीचे पैसे आले म्हणून अंगभर सोनं घालून फिरणं, चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स लावणं, पोरीच्या लग्नात गावाला दिपवण्यासाठी कर्ज काढणं, याला लोक वेड म्हणतात खरे, पण त्यात पुरेपूर हिशेब असतो. शेजाऱ्यापेक्षा वर दिसायचं, एवढंच त्याचं गणित. ते गणित चुकतं, ही गोष्ट वेगळी.

खरं वेड मी कारखान्यात पाहिलं. माझी नोकरीची सगळी वर्षं भोसरीत, तपासणी विभागात गेली. टूलरूममध्ये एक फिटर होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. डाय तयार झाली की ते तिच्या आतल्या कडा हातानं घासत बसायचे. त्या कडा मशिनवर चढल्यावर कुणालाही दिसत नाहीत, ड्रॉइंगमध्ये त्यांचा उल्लेखही नसतो. एकदा त्यांचा जॉब आमच्या टेबलावर आला, गो-नोगो गेजमधून व्यवस्थित पास झाला, मी शिक्का मारला. शिफ्ट सुटताना अण्णा आले आणि म्हणाले, "तो पाठवू नका. बोटाला लागतंय." मी पुन्हा मोजला. मापात होता. ते म्हणाले, "मापात असंल हो, पण लागतंय." त्यांनी तो परत नेला, रात्री थांबून पुन्हा केला, त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह घालवला. सुपरवायझर वैतागला. लाईनवरच्या पोरांनी त्यांना येडं ठरवलं.

त्यानंतर अण्णांच्या जॉबवर आम्ही डोळे झाकून शिक्का मारायला लागलो. तपासणी विभाग हा मुळात हिशेबी माणसांसाठी काढलेला असतो. जो माणूस पैसे मिळतील तेवढंच आणि कुणी बघेल तेवढंच करतो, त्याच्यामागं एक तपासणारा ठेवावा लागतो, त्या तपासणाऱ्यामागं दुसरा, आणि त्याच्यामागं ग्राहकाकडून येणारा तिसरा. इथल्या कारखान्यांतून निघणाऱ्या गाड्यांचे ब्रेक रस्त्यावर वेळेला लागतात, त्यात गेजचा वाटा आहे, कबूल. पण कुठल्या तरी अण्णाच्या बोटाला काही लागलं आणि त्यानं स्वतःचं नुकसान करून ते दुरुस्त केलं, याचाही वाटा आहे, आणि तो कुठल्याच ऑडिटमध्ये येत नाही.

आता बैलगाड्यांविषयी. खेड, मावळ, जुन्नर, आंबेगाव आणि आमचा हा भाग म्हणजे गाडाशौकिनांचा मुलूख. यात्रेला घाट भरतो, जुकाटाला आणि धुरेला बैल, पुढं घोडी, 'भिर्रर्र' झालं की काही सेकंदांत बारी संपते. वर्षभराचा खर्च त्या काही सेकंदांसाठी. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली. १६ डिसेंबर २०२१ला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. मधली साडेसात वर्षं घाट ओस होते. पुष्कळांनी बैल विकले, त्यांचं चुकलं नाही. पण काही गाडामालकांनी खिल्लार बैल दावणीला तसेच ठेवले. शर्यत नाही, शेतीचं काम ट्रॅक्टरवर गेलेलं, बाजारात भाव पडलेला. तरी सकाळी वैरण, पेंड, पावसाळ्यात गोठ्यात धूर, अंगावरून हात. शर्यत पुन्हा सुरू होईल असं कुणीही छातीठोकपणे सांगत नव्हतं. त्या काळात बैल म्हातारे झाले, काही दावणीलाच गेले, आणि मालकांनी त्यांना शेतात पुरून नारळ फोडला.

बैलाला टोचणं, मारणं, शेपूट पिळणं यांची बाजू मी घेणार नाही. न्यायालयानं आणि कायद्यानं ते रोखलं ते योग्यच केलं, आणि जो अजूनही तसं करतो त्याला बैलाचं वेड नाही, नंबराची हाव आहे. माझी तारीफ त्या ओस वर्षांसाठी आहे. बैल पळत नसताना त्याला सांभाळणारा माणूस बैलाचा असतो. बंदीच्या काळानं शौकीन कोण आणि सौदेबाज कोण हे निवडून दाखवलं. मुक्या जनावराला माणसाचा भरवसा वाटतो की नाही, मला सांगता येणार नाही. वाटत असेल तर तो याच माणसांचा वाटत असणार.

आळंदीत विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली. जोग महाराज तालमीत घडलेले, अंगापिंडानं मजबूत. पोरांना चार वर्षं ज्ञानेश्वरी, गाथा शिकवायची, बदल्यात पैसे घ्यायचे नाहीत, विद्यार्थ्यांनी माधुकरी मागून जेवायचं. आज तिथून काही किलोमीटरवर आयटीआय करून पोरगं दोन वर्षांत कंपनीत लागतं. तरीही गावोगावची पोरं पखवाज आणि पोथी घेऊन आळंदीला येतात. त्यातली काही पुढं कीर्तनाच्या बिदागीचा भाव ठरवायला शिकतात, हे मला ठाऊक आहे, आणि ते पाहून वाईट वाटतं. पण आडगावात कुणाच्या घरी मयत झालं की निरोप मिळताच रात्री टाळ घेऊन पोचणारा, पाकीट न मागणारा बुवाही तिथलाच असतो.

चाकणच्या बाजारात कांद्याचा भाव पडला की शेतकरी ट्रॉली रिकामी करून परत जातो. दोन महिन्यांनी तोच शेतकरी पुन्हा रोप टाकतो. अर्थशास्त्र शिकलेला माझा भाचा म्हणतो, "मामा, एकाच पिकात सारखं हरणारा माणूस धडा का घेत नाही?" मी त्याला म्हणालो की या सगळ्यांनी एकाच वर्षी धडा घेतला तर तुझ्या पोह्यात काय पडेल ते बघ. पण त्याला हेही सांगितलं की या वेडावर आपण फुकट जेवतो, आणि ही लाजेची गोष्ट आहे. वेड्याच्या भरवशावर राहायचं आणि त्याला भाव द्यायचा नाही, हे आपल्या सगळ्या शहाण्यांचं जुनं खोटं आहे. भाच्यानं त्यावर भाषण नको म्हणून सांगितलं, पण पुढच्या वेळी बाजारात तो शेतकऱ्याशी घासाघीस न करता कांदे घेऊन आला.

इंद्रायणीचं पाणी आता कित्येकदा फेसाळतं. वरच्या शहरांतलं सांडपाणी आणि कारखान्यांची रसायनं त्यात येतात, आणि ती थांबवणं सरकारी यंत्रणांचं काम आहे, कुणा चार माणसांचं नव्हे. हे मी ठामपणे लिहितो, कारण स्वयंसेवकांच्या कौतुकाआड जबाबदारी लपवण्याची पद्धत पडलीय. आमच्या ओळखीतली काही माणसं सुट्टीच्या दिवशी घाटावर जमतात आणि निर्माल्य, प्लॅस्टिक, कापडं, जलपर्णी ओढून काढतात. त्यांत एक निवृत्त ऑपरेटर आहेत, एक शाळेतल्या बाई आहेत, एक सोसायटीचा वॉचमन आहे जो नाईट करून तसाच येतो. आठवड्यात घाट पुन्हा भरतो, हे त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. मी वॉचमनला विचारलं की झोपत का नाहीस. तो विदर्भातला, त्याच्या आईनं वारीला आल्यावर या पाण्यानं चूळ भरली होती, पुन्हा येईल तेव्हाही भरणार आहे, तिला किती सांगितलं तरी ती ऐकणार नाही, असं तो म्हणाला. आणि जलपर्णीचा पुढचा गुंता ओढायला पाण्यात उतरला.

मीही आता जातो. गमबूट आपापले आणावे लागतात, हातमोजे शाळेतल्या बाईंकडं असतात, आणि काढलेला कचरा न्यायला टेम्पो मिळत नाही ही सध्याची मोठी अडचण आहे. कुणाकडं असेल तर कळवावं, डिझेलचे पैसे आम्ही देऊ.